बँड फुटला, पोट्टे वापस आले

नागपूरच्या धरमपेठेत एखादा बँड फुटल्याची बातमी सगळ्यात आधी दूधवाल्याला कळते. घरचा मुलगा मुंबईला गेला तेव्हा त्या घरचं एक पाकीट कमी झालेलं असतं. तीन-चार वर्षांनी एका सकाळी त्याची आई फाटकाशी येते आणि म्हणते, "उद्यापासून अर्धा लिटर जास्त टाकत जा भाऊ." दूधवाला काही विचारत नाही. त्याच आठवड्यात लक्ष्मीभुवन चौकाजवळच्या एका घरी अर्धा लिटर वाढतं, मग ट्रॅफिक पार्कच्या मागे, मग झेंडा चौकात. चार घरं, दोन लिटर. दूधवाला वहीत आकडे मांडतो आणि समजून जातो, पोट्टे वापस आले.

बँड फुटणं ही जगात मोठी बातमी समजली जाते. १० एप्रिल १९७० ला पॉल मॅकार्टनीने बीटल्समधून अंग काढून घेतल्याचं लंडनच्या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर छापलं, आणि त्यावर अजून पुस्तकं निघताहेत. आपल्याकडे १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले, तो विषय मराठी माणूस शंभर वर्षं पुरवून पुरवून बोलतो आहे. पण फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी माणूस बॅग घेऊन घरी येतो तेव्हा आई त्याला काय म्हणते, हे त्या पुस्तकांत फारसं सापडत नाही. ते पाहायला धरमपेठेत यावं लागतं.

इथून दर पाच-सात वर्षांनी असा एक बँड निघतोच. (त्यातले चौघं नेमके कोण, हे शोधायला जाऊ नये; शोधलं तर गल्लोगल्ली सापडतात.) एक गाणारा, एक गिटारवाला, एक ड्रमर आणि एक बेसवाला. बेस म्हणजे नेमकं काय वाजतं हे बेसवाल्याच्या आईलाही ठाऊक नसतं. "आमचा त्यांच्यासोबत उभा असतो," एवढंच ती सांगते. सुरुवात कॉलेजच्या गॅदरिंगमधून होते. बँडचं नाव इंग्रजी असतं आणि शक्यतो मरणाशी किंवा राखेशी संबंधित असतं. आजीला ते उच्चारता येत नाही, म्हणून ती चौघांना मिळून 'ते पोट्टे' म्हणते आणि गल्लीत हेच नाव रूढ होतं. सराव जुन्या बंगल्याच्या गच्चीवरच्या खोलीत. पहिल्या वर्षी दुसऱ्यांची इंग्रजी गाणी, दुसऱ्या वर्षी हिंदी, आणि तिसऱ्या वर्षी तुकोबांच्या अभंगाला इलेक्ट्रिक गिटार. विठ्ठल सोसून घेतो. शेजारच्या काकू घेत नाहीत.

केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल एवढीच मुभा आहे, आणि सरकारी रात्र दहाला सुरू होते. ड्रमचा संच मनापासून वाजवला तर शंभरी सहज ओलांडतो. काकूंना डेसिबल माहीत नसतात, पण घड्याळ माहीत असतं. दहा वाजून एक मिनिटाने त्या गॅलरीत येतात आणि फक्त विचारतात, "झालं का रे बाप्पा?"

मग चौघं मुंबईला जातात. नागपूर-मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर. संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसायचं की सकाळी दादर. स्लीपरच्या प्रवाशाला ४० किलो सामान फुकट नेता येतं. हा नियम करणाऱ्याने ड्रमर पाहिलेला नसावा. म्हणून ड्रमचे नग चौघांच्या सामानात सारखे वाटून दिले जातात. बँडमध्ये समान वाटणी झाल्याचं हे पहिलं उदाहरण असतं, आणि शेवटचंही.

बँड का फुटला असं विचारलं तर 'कलात्मक मतभेद' असं उत्तर देण्याची पद्धत आहे. हे उत्तर आजवर इतक्या जणांनी दिलंय की त्यावर विश्वास ठेवणं जड जातं. कलेवरून मतभेद व्हायचे तर आधी कलेबद्दल बोलायला फुरसत हवी. या चौघांची फुरसत खोलीच्या भाड्यात, लोकलमध्ये आणि तासाच्या भावाने घेतलेल्या रिहर्सल रूममध्ये गेलेली असते. खरी भांडणं सिलिंडर कुणी आणायचा यावर होतात. ड्रमच्या टेम्पोचं भाडं चौघांनी द्यायचं की ड्रमरने एकट्याने, यावर होतात. ड्रमर म्हणतो, वाजवतो मी, पण ऐकता तर तुम्ही सगळे. गाणारा म्हणतो, माझं वाद्य माझ्या गळ्यात आहे, त्याला टेम्पो लागत नाही. दोघांच्याही बोलण्यात तथ्य असतं, म्हणून निकाल लागत नाही.

मोठ्यांचंही याहून वेगळं नव्हतं. बीटल्सच्या शेवटच्या भांडणाचा गाभा काय होता? १९६९ साली कारभार कुणाच्या हाती द्यायचा हा प्रश्न आला. तिघांना अॅलन क्लाइन नावाचा व्यवस्थापक हवा होता. पॉलचं म्हणणं, आपले सासरे ली ईस्टमन वकील आहेत, हिशेब त्यांनी पाहावा. आता यात संगीत कुठे आलं? जावयाने भागीदारीच्या धंद्यात सासऱ्याला आणून बसवायचं म्हटलं की इतवारीतल्या किराणा दुकानातही जे होईल ते लंडनमध्ये झालं. ३१ डिसेंबर १९७० ला, सगळं जग नव्या वर्षाच्या तयारीत असताना, पॉलने बाकीच्या तिघांवर दावा ठोकला. किर्लोस्कर मंडळीतली फूटही सुरांवरून नव्हती. ती मालक-व्यवस्थापक शंकरराव मुजुमदारांच्या कारभारावरून होती. बाहेर पडलेल्या तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, तिघं भागीदार झाले, आणि काही वर्षांत टेंबेही बाहेर पडले, बोडसही. मंडळीचं नाव बालगंधर्वांकडे राहिलं आणि मंडळीचं कर्जही. बाकीच्यांचं काय झालं म्हणाल, तर टेंबे होते कोल्हापूरकडचे. त्याच कोल्हापुरात १९३२ साली प्रभातने 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला, त्याला संगीत टेंब्यांचं आणि हरिश्चंद्रही टेंबेच. भागीदारीतून बाहेर पडून घराकडे आलेल्या माणसाला राज्य गमावलेल्या राजाचं काम मिळावं, यात प्रभातवाल्यांचा काही हेतू नसेल. पण निवड चोख होती.

धरमपेठेचे चौघं मुंबईहून येतात तेव्हा एका गाडीने येत नाहीत. भांडणाचीही एक शिस्त असते. गाणारा विमानाने येतो. तिकीट पुण्याच्या बहिणीने काढलेलं असतं. गिटारवाला विदर्भ एक्सप्रेसमध्ये चार वर्षांची झोप एका रात्रीत पुरी करायला निघतो. ही गाडी नागपूरला थांबून पुढे गोंदियाला जाते, त्यामुळे बँड फुटल्यानंतरचा पहिला चहा तो तुमसरला पितो. ड्रमरला बुलेटवरून समृद्धी महामार्गाने यायचं असतं. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा उघडून पूर्ण झाला आणि नागपूर-मुंबई आठ तासांवर आलं, पण त्यावर दुचाकीला मनाई आहे. तेव्हा ड्रमर जुन्या रस्त्याने, गाववार चहा पीत, दोन दिवसांनी पोचतो. त्याचे ड्रम ट्रान्सपोर्टने त्याच्या आधी पोचून अंगणात आजीच्या पापडांशेजारी मांडलेले असतात. बेसवाला कधी आला ते कुणालाच कळत नाही. तो बँडमध्ये असतानाही असंच होतं.

घरी पहिल्या दिवशी कुणी काही विचारत नाही. हा धरमपेठेचा सुसंस्कृतपणा. आई म्हणते, "आधी आंघोळ कर, मग जेव." ताटात वडाभात असतो, वर फोडणीचं तेल, आणि वाढणारा हात थांबत नाही. मुलाने मनात एक निवेदन तयार करून आणलेलं असतं: आम्ही सामंजस्याने वेगळे झालो, एकमेकांच्या वाटचालीला शुभेच्छा, वगैरे. ते ऐकायला कुणी रिकामं नसतं. "अजून एक वडा घे" याच्यापुढे निवेदन टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी वडील बोलतात. वडील एजी ऑफिसातून निवृत्त झालेले असले तर मुलाचं काही खरं नाही. सबंध हयात सरकारी खात्यांच्या लेखापरीक्षणात घालवलेला माणूस. त्याला मतभेदात रस नसतो, नोंदीत असतो. "चार वर्षांत जमा किती?" मुलगा एक आकडा सांगतो. "महिन्याला?" "नाही बाबा, एकूण." वडील चष्मा पुसतात. "खर्च?" मुलगा गप्प. "बरं, जडसंग्रहाचं काय?" म्हणजे काय ते मुलाला कळत नाही. वडील समजावून सांगतात, की ज्या वस्तू वापरून संपत नाहीत त्यांची एक वेगळी नोंदवही असते. खुर्च्या, कपाटं, पंखे. "तुमचे ते भोंगे कोणाच्या नावावर आहेत?"

इथे बँडच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं सत्य बाहेर येतं. मोठा अॅम्प्लिफायर चौघांनी मिळून घेतलेला असतो, हप्ते गिटारवाल्याच्या कार्डावर, पावती गाणाऱ्याच्या नावावर, आणि वस्तू सध्या बेसवाल्याच्या रामनगरच्या आत्याकडे. आत्याने त्यावर कुंडी ठेवली आहे.

तिसऱ्या दिवशी कूलर. मे महिना असेल तर घरी परतलेल्या मुलाला नागपुरात दुसरं कामच नसतं. ताट्या बदलायच्या, पंप साफ करायचा, सकाळ-संध्याकाळ बादल्यांनी पाणी भरायचं. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तो इथला विक्रम. मे २०२४ मध्ये तर एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले; हवामान खात्याने नंतर तो यंत्राचा दोष असल्याचं सांगितलं. त्या दुपारी स्कूटीवरून गोकुळपेठेत भाजीला गेलेल्यांचा यंत्रावरच जास्त विश्वास आहे. अशा दिवसांत ज्याने परवा अंधेरीच्या मंचावर हात उंचावून दोनशे लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या, तो आज पाइप धरून खिडकीशी उभा असतो आणि आतून आवाज येतो, "भरला का बे? वाहून जाऊन राहिलं पाणी!"

गिटारवाल्याचं दुःख यात जरा तांत्रिक असतं. नागपूरचा उन्हाळा इतका कोरडा, की गिटारचं लाकूड आकसतं आणि मानेवरच्या पट्ट्यांची धातूची टोकं बाहेर येऊन बोटांना टोचतात. कूलरपुढे ठेवावी तर लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि तारा वर चढतात. म्हणजे वाद्य एका खोलीत बारीक होतं आणि दुसऱ्या खोलीत जाड. शिवाय कूलरला स्वतःचा एक सूर असतो, आणि तो कधीच पट्टीत नसतो. डेसिबलबद्दल त्याला कुणी विचारत नाही.

घरी गेल्यावर कामाला लागण्याच्या बाबतीत बीटल मंडळीही सुटली नाहीत, हे सांगायला हवं. मॅकार्टनी स्कॉटलंडमध्ये किंटायरच्या शेतावर जाऊन बसला, दाढी वाढवली, घराचं छप्पर दुरुस्त केलं, मेंढ्या भादरल्या. जॉर्ज हॅरिसनने १९७० मध्ये फ्रायर पार्क नावाची भली मोठी जुनी वास्तू घेतली आणि पुढची कित्येक वर्षं तिच्या बागेत माती उकरण्यात घालवली. लोकांना तो आपण माळी असल्याचं सांगायचा. रिंगो स्टारची गोष्ट धरमपेठेतल्या आयांना फार आवडेल. १९६८ मध्ये चौघं ऋषिकेशला महर्षी महेश योगींकडे ध्यानाला गेले, तेव्हा पोट नाजूक म्हणून रिंगोने डबाबंद बीन्सची आख्खी बॅग सोबत नेली होती. दहाएक दिवसांत तो परत निघाला. बाहेरगावी जाताना मुलाला डबा बांधून द्यावा की नाही, हा वाद इथे कायमचा मिटायला हरकत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिंगो बँडच सोडून गेला होता. दोन आठवड्यांनी परत आला तेव्हा बाकीच्यांनी त्याचा ड्रमचा संच फुलांनी सजवून ठेवलेला होता. हे वाचून धरमपेठेचा ड्रमर हळवा होतो. त्याच्या ड्रमवर सध्या पापड आहेत.

लंडनमध्ये एकमेकांचं तोंड पाहायचं नसेल तर सोय आहे. शहर मोठं, पैसा बक्कळ, भांडायला हायकोर्ट. धरमपेठेत हायकोर्टापर्यंत जावं लागत नाही, नुसतं वेस्ट हायकोर्ट रोडवर उतरलं तरी चौघंही भेटतात. गाणाऱ्याने ठरवलेलं असतं की गिटारवाल्याशी जन्मात बोलायचं नाही. संध्याकाळी आई त्याला गोकुळपेठेच्या बाजारात सांबार आणायला पाठवते (पुण्या-मुंबईच्या वाचकांनी कोथिंबीर समजावी), आणि त्याच ढिगापलीकडे गिटारवाला उभा असतो, त्यालाही सांबारच हवा असतो. भाजीवाली दोघांना लहानपणापासून ओळखते. ती विचारते, "काय रे, बाजा बंद झाला म्हणते तुमचा?" दोघं एकदम म्हणतात, "हाव." फुटल्यानंतर दोघांनी एका सुरात केलेली ही पहिली गोष्ट.

मग तर्रीपोह्याच्या ठेल्यावर ड्रमर भेटतो. तिथे न बोलणं अवघड जातं, कारण तर्री तिखट असते आणि पाण्याचा जग एकच. "जरा सरकव बे," हे वाक्य बोलण्यात धरायचं की नाही, यावर चौघांत अजून एकमत नाही. फोनवरचा बँडचा ग्रुपही तसाच राहिलेला असतो. त्यातून बाहेर पडणारा पहिला माणूस बँड फोडणारा ठरेल, या भीतीने कुणी बाहेर पडत नाही. दिवाळीला बेसवाला पणतीचं चित्र टाकतो. तिघं ते पाहतात.

महिना-दोन महिन्यांत पोटाचा प्रश्न येतो. 'सायमन अँड गारफंकल' ही जोडी १९७० मध्ये फुटल्यावर आर्ट गारफंकल काही काळ अमेरिकेत कनेक्टिकटच्या एका शाळेत गणित शिकवत होता. जगभर ज्याची तबकडी वाजत होती तो माणूस फळ्यापुढे भूमिती सांगायचा, काही शंका आहेत का विचारायचा, आणि पोरं शंका विचारायची ती बीटल्सबद्दल. धरमपेठेतल्या वाचकाला यात काहीच विशेष वाटणार नाही. इथे दर दुसऱ्या इमारतीवर शिकवणीची पाटी आहे आणि जेईईचं गणित शिकवणाऱ्यांपैकी कोण पूर्वी काय होता हे विचारण्याची रीत नाही. आपला गिटारवालाही शिकवायला लागतो, गणित नाही, गिटार. सात वर्षांची मुलगी येते, सोबत आई. आईचा पहिला प्रश्न, परीक्षा किती असतात आणि सर्टिफिकेट कोण देतं.

गाणाऱ्याला कराओके गाठतं. गेल्या काही वर्षांत नागपुरात कराओके मंडळांचं पीक फार जोमात आहे. बँकेतून, वीज मंडळातून, शाळेतून निवृत्त झालेली मंडळी शनिवारी सायंटिफिक सभागृहात जमतात आणि रफी, किशोर, लता, आशा यांना एकेक करून गाठतात. या प्रकाराला नावं ठेवणारे खूप आहेत. पण साठीनंतर माईक हातात धरायला जी हिंमत लागते ती वीस वर्षांच्या पोरांत क्वचित दिसते. शिवाय ट्रॅकवर वाजणारा ऑर्केस्ट्रा टेम्पोचं भाडं मागत नाही आणि कुणाशी भांडत नाही. आपल्या गाणाऱ्याला एक काका मोठ्या प्रेमाने बोलावतात. तो तयारीने जातो, तीन गाणी गातो, टाळ्या घेतो, आणि शेवटी संकोचून मानधनाचं विचारतो. काका थक्क होतात. "अरे, इथे गाणारा पैसे देतो. एका गाण्याचे इतके. तुझे आम्ही घेतले नाहीत, नवा आहेस म्हणून."

ड्रमरचं नशीब सगळ्यांत चांगलं. त्याला कुणीतरी वडसा दाखवतं. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचं मुख्य ठाणं. दिवाळीनंतर गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत मंडई (म्हणजे जत्रा) आणि शंकरपट (म्हणजे बैलांच्या शर्यती) सुरू होतात आणि त्यासोबत रात्र-रात्र चालणारी नाटकं. वडशाला नाटक मंडळ्यांची कार्यालयं ओळीने आहेत; गावकरी तिथे येऊन नाटक ठरवतात, नट ठरवतात, सुपारी देतात. मंचापुढे ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड घेऊन वादक बसलेले असतात, कारण नाटकात गाणी असायलाच हवीत. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आपला ड्रमर तिथे ऑक्टोपॅडवर बसतो. पहिल्या रात्री त्याला कळतं की समोर हजारो माणसं आहेत, थंडीत कांबळं पांघरून बसली आहेत, आणि पहाटेपर्यंत एकही उठत नाही. मुंबईत त्याच्यासमोर कधी दोनशेच्या वर माणूस बसला नव्हता, आणि त्यातले निम्मे बारच्या काउंटरकडे तोंड करून होते.

त्याला आणखी एक गोष्ट दिसते. झाडीपट्टीत मंडळ्या दर हंगामात जुळतात आणि फुटतात. यंदा या मंडळीतला खलनायक पुढच्या वर्षी समोरच्या मंडळीत नायक असतो. त्याबद्दल कुणी निवेदन काढत नाही. रात्रीचे पैसे ठरलेले असतात, ते मिळाले की माणसाला माणसाचा राग फार दिवस धरता येत नाही. जाहीर शुभेच्छा आणि कलात्मक मतभेदांपेक्षा ही पद्धत जास्त सभ्य आहे, असं आपलं मत.

बेसवाला आयटी पार्कमध्ये नोकरीला लागतो. चौघांत नियमित पगार फक्त त्यालाच. अॅम्प्लिफायरचे राहिलेले हप्ते तोच गुपचूप भरतो, आणि हे बाकीच्यांना कळायला सात महिने लागतात.

नागपूरच्या माणसाच्या फुटलेल्या जोडीची एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. विजय पाटील नागपूरचे. मुंबईत सुरेंद्र नावाच्या साथीदाराबरोबर त्यांची जोडी जमली, दादा कोंडक्यांनी १९७५ च्या 'पांडू हवालदार'साठी दोघांना घेतलं, आणि राम-लक्ष्मण हे नाव पडलं. 'एजंट विनोद'सारखं हिंदी काम हाती येतं न येतं तोच राम गेले. लक्ष्मणने नाव बदललं नाही. 'मैंने प्यार किया', 'हम आपके हैं कौन', 'हम साथ साथ हैं', सगळीकडे श्रेयनामावलीत राम-लक्ष्मण असंच येत राहिलं. फिल्मफेअरही त्याच नावाने मिळालं. पुढची कित्येक वर्षं एका माणसाने दोघांच्या नावाने काम केलं. पुढे ते नागपूरला परतले आणि २२ मे २०२१ ला इथेच वारले. बँडच्या नावाचा मालकी हक्क कुणाकडे, यावर मारामाऱ्या करणाऱ्यांना ही गोष्ट सांगून पाहावी.

आता चौघं पुन्हा एकत्र येतात का, हा प्रश्न. जगात येतात. अमेरिकेतले 'ईगल्स' १९८० मध्ये फुटले आणि १९९४ मध्ये मंचावर येऊन आपण फुटलो नव्हतोच, चौदा वर्षं सुट्टीवर होतो असं सांगू लागले. इंग्लंडच्या 'ओएसिस'चे दोघे भाऊ २००९ मध्ये पॅरिसला भांडले ते २०२५ मध्ये गाते झाले. आणि आपल्याकडे तर ८ जुलै १९२१ ला, ज्यांची आपसांत स्पर्धा होती त्या बालगंधर्व आणि केशवराव भोसल्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' केलं, त्याची आठवण काढून म्हातारी माणसं आजही डोळे पुसतात. त्यातल्या कुणीही ते पाहिलेलं नाही.

धरमपेठेत मात्र हा प्रश्न चौघांच्या हातात नसतो. तो आयांच्या भिशीच्या हातात असतो. बँड निघाला तेव्हा चौघांच्या आया पहिल्या कार्यक्रमाला शेजारी-शेजारी बसल्या, कानात कापूस घालून. ओळख झाली, ओळखीतून भिशी. महिन्याला ठरलेली रक्कम, वहीत नोंद, चिठ्ठी निघेल तिला पैसे, चहा यजमानणीकडे. पोरांचा बँड चार वर्षांत मोडला, भिशी सुरू आहे. तिच्यात कधी कलात्मक मतभेद झाले नाहीत, कारण पहिल्या दिवशीच वही घातली होती. बँड फुटल्याचं भिशीला कळवण्यात आलेलं आहे, पण तिने ते मंजूर केलेलं नाही. चौघींपैकी एकीच्या मुलीचं लग्न निघतं आणि एका दुपारी साबुदाणा वड्यांवर ठरतं, की संगीताच्या कार्यक्रमाला आपले पोट्टे वाजवतील. पोट्ट्यांना संध्याकाळी कळतं.

सराव कुठे करायचा, हा पेच उरतो. गच्चीवरची खोली आता नाही; तो बंगला बिल्डरला गेला, तिथे फ्लॅटची स्कीम उभी आहे आणि तिच्या गच्चीवर सोलरची पॅनलं आहेत. शेवटी आत्याकडे सराव ठरतो, कारण अॅम्प्लिफायर तिथेच आहे. आत्या कुंडी काढते. चौघं एकमेकांकडे न बघता वायरी जोडतात. गाणारा विचारतो, "पट्टी कोणती?" गिटारवाला भिंतीकडे पाहून सांगतो. बेसवाला नेहमीसारखा उभा असतो. दहा वाजता काकूंचा फोन येतो. त्या आता दुसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहतात, आवाज तिथवर जातच नाही. त्यांनी फक्त विचारलेलं असतं, की सुरू झालं का रे बाप्पा.

तेव्हा धरमपेठ, गोकुळपेठ आणि आसपासच्या यजमानांना एक विनंती. घरच्या कार्याला या पोरांना बोलवा, जेवू घाला, रात्री दहाच्या आत संपवायला सांगा. पण 'घरचीच मुलं' म्हणून शाल आणि नारळावर बोळवण करू नका. पैसे आधी ठरवा, ठरलेले द्या, आणि चार वेगळ्या पाकिटांत द्या. एक शाल चौघांत वाटता येत नाही, आणि ती वाटायला गेलं की हे पुन्हा फुटतात.